तिसऱ्यांदा विचारलं तर

आमच्या ग्लेनवूडमध्ये पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणत नाही. कॉफी घेणार? छे छे, मुद्दाम कशाला. अगं घे की, केलेलीच आहे. नको गं, आत्ताच झाली घरी. बरं, अर्धा कप तरी? मग मात्र म्हणायचं, ओततेच आहेस तर ओत. पहिल्या नकाराला काही अर्थ नसतो, दुसऱ्याला थोडासा, खरं उत्तर तिसरं. एकदाच विचारून गप्प बसला, तर त्याला द्यायचंच नव्हतं. आणि पहिल्याच फटक्यात हो म्हणाला, तर तो हावरट. मिनेसोटात आमच्याकडची पोरं हे चर्चच्या तळघरात, जेवणावळीला राबणाऱ्या बायकांच्या पायात घुटमळत शिकतात. मुद्दाम कुणी शिकवत नाही.

मार्लिसला तर मी हे सांगायची गरजच नव्हती. आम्ही एका बाकावर वाढलो. पंचविशी गाठायच्या आत ती एका डच पोरावर भाळली, हॉलंडला गेली आणि आल्कमारला राहिली ती राहिलीच. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा तिच्या सासूनं केकची बशी पुढे केली. मी नको म्हटलं. म्हातारीनं बशी उचलली आणि सरळ आत नेऊन ठेवली! मार्लिस हसून हसून लोळली. "अगं व्हॉनी, इथे नाही म्हणजे नाही असतं हं. उपाशी मरशील!"

माझं नाव लव्हॉन. व्हॉनी म्हणणारी ती एकटीच.

त्यानंतर मी जितक्या वेळा गेले, तितक्या वेळा तिनं मला प्रत्येक गोष्ट तीनदा विचारली, अगदी आपल्या घरच्यासारखी. तिचा नवरा वाउटर कपाळाला हात लावायचा. "दोन बायका, एक कप कॉफी, आणि चर्चा मात्र संसदेत असल्यासारखी!" असं म्हणून तो बागेत निघून जायचा.

यंदा मार्चच्या शेवटी मी गेले ते तिचं औषधपाणी थांबवलं म्हणून. आजार पोटातला होता आणि सगळीकडे पसरला होता. पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीशी तिचा पलंग मांडला होता. त्या खिडकीला पडदे नाहीत. तिथे कुणाच्याच खिडकीला नसतात. रस्त्यानं सायकलवरून जाणारे लोक तिला हात करायचे आणि तीही करायची. आम्ही दोघी दिवसभर बोलायचो. काय बोलायचो? हवा. कोण कुणाच्या शेतावर राहतो. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यातली कुठली पोरं आता आजोबा झाली. मुद्द्याचं एक अक्षर नाही. आम्हाला ते येतच नाही.

माझ्या निघण्याच्या दोन दिवस आधी डॉक्टरीणबाई आल्या. पलंगावर टेकल्या, मार्लिसचा हात हातात घेतला आणि तिच्या तोंडावर सांगून टाकलं, "आठ दिवस. फार तर दहा." मार्लिस म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." वाउटरनं नाक शिंकरलं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, केक घेणार का. त्या हो म्हणाल्या आणि त्यांनी खाल्लासुद्धा. मला त्या वेळी काहीही वाटलं नाही. थंडीत हातमोजे विसरून गेलं की बोटं आपली नसल्यासारखी होतात ना, तसं. दिसतात, हलतात, पण लागत काही नाही.

निघण्याच्या दिवशी सकाळी मी माझी बॅग दारात आणून ठेवली आणि कोट घालून तिच्याजवळ येऊन बसले.

"व्हॉनी," मार्लिस म्हणाली, "राहतेस का अजून आठ दिवस?"

"छे गं. तुम्हाला कशाला त्रास. घरात आधीच किती गडबड."

हे माझं तोंड बोललं. आतून मी केव्हाच राहिले होते. दोनच ब्लाउज आणलेत, आज एक धुवायला टाकू, ड्वेनला कळवू विमानतळावर येऊ नकोस म्हणून, हे सगळं माझं ठरूनही गेलं होतं. ड्वेन म्हणजे माझा धाकटा भाऊ.

वाउटर बॅग गाडीत ठेवायला गेला. मार्लिसनं श्वास घेतला. तिला आता प्रत्येक वाक्याआधी श्वास गोळा करावा लागायचा.

"तिकीट बदलून मिळतं गं. वाउटर करेल फोन."

"नको नको. ड्वेन निघाला असेल, त्याला उगाच हेलपाटा."

ड्वेन कुठला निघतोय! तिकडे अजून उजाडलंही नव्हतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं. दुसरा नकार असाच द्यायचा असतो, सहज मोडता येईल असा.

आणि मग मी वाट बघत बसले. मांडीवर हात आपटला आणि म्हटलं, "बरं तर मग." आमच्याकडे निरोप म्हणजे तासाभराचं काम असतं. मांडीवर हात आपटायचा आणि बसूनच राहायचं. मग दारात उभं राहून गप्पा, मग गाडीपाशी, मग गाडीची काच खाली करून. तिला दारापर्यंत येता येणार नव्हतं, म्हणजे जे काय व्हायचं ते या खुर्चीतच. मी बसून राहिले. तिनं तोंड उघडलं. माझं अगदी ओठांवर आलं होतं, म्हणतेच आहेस तर राहते.

तिनं तोंड मिटलं. खिडकीबाहेर पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

वाउटर दारातून म्हणाला, "चला, निघू या. पुढे रस्त्याला गर्दी लागेल."

मी उठले. तिथल्या रीतीप्रमाणे गालांवर तीन मुके घेतात. आमच्याकडे कुणी कुणाला एकसुद्धा देत नाही. मी वाकले, आणि तिनं एक, दोन, तीन असे नीट मोजल्यासारखे घेतले. तिच्या गालाला बाळाच्या पावडरीचा वास येत होता. "जपून जा हं," ती म्हणाली. "हो, तू पण," मी म्हटलं. तू पण! काय पण बोलले. गाडीत बसल्यावर खिडकीत तिचा हात दिसला. सायकलवाल्यांना करायची तसाच ती मला हात करत होती.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर वाउटर म्हणाला, "मला वाटलं होतं तू राहशील. शेजारणीकडून तुझ्यासाठी सायकल मागून ठेवली होती मी. जरा बुटकी, तुझ्या उंचीची."

"तिनं तिसऱ्यांदा विचारलंच नाही," मी म्हटलं.

"तिसऱ्यांदा कशाला विचारायचं? तू दोनदा नाही म्हणालीस."

"हो."

"राहायचं होतं का तुला?"

असा प्रश्न आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. इतका उघडा, इतका सोपा. मी म्हणायला हवं होतं, हो रे बाबा, वळव गाडी. तीस वर्षं बस चालवली मी, बर्फात, चिखलात, अरुंद बांधावर सुद्धा वळवली. गाडी वळवणं मला काय नवीन आहे?

"छे छे," मी म्हटलं. "निघायला हवंच होतं."

त्यानं मान हलवली. त्याचा विश्वास बसला, कारण त्यांच्याकडे छे म्हणजे छे. विमानतळावर त्यानं बॅग उतरवून दिली आणि म्हणाला, "थँक यू, लव्हॉन. तू होतीस ते दिवस तिला बरे गेले." आणि तो घाईनं परत गेला. त्याचं जाणं बरोबरच होतं.

विमानात एक मुलगी कॉफीची गाडी ढकलत आली. "कॉफी?" मी म्हटलं, नको. ती पुढे गेली. जेवण आलं. "चिकन की पास्ता?" मी म्हटलं, राहू दे. ती पुढे गेली. आणखी एकदा पाणी आलं, तेही मी नको म्हटलं आणि तेही गेलं. त्या मुलीचा काय दोष? अख्खा समुद्र मी असा कोरड्या घशानं ओलांडला. खाली नुसता पांढरा ढग होता. मी त्याच्याकडे बघत मख्खासारखी बसले होते. शेजारच्या माणसाला वाटलं असेल, बाई झोपल्या आहेत, डोळे तेवढे उघडे राहिलेत.

मिनिॲपोलिसला ड्वेन उभा होता. टोपी हातात.

"मार्लिस कशी आहे?"

"ठीक आहे."

"हं," तो म्हणाला. त्याला कळलं. आमच्यात ठीक आहे असं म्हटलं की सगळं कळतं. मग अडीच तास त्यानं मला सांगितलं की रस्ता कोरडा आहे, तळ्यावरचा बर्फ अजून हलला नाही, आणि पेट्रोलपंपावरचा तो नवा पोरगा फार बडबडतो. मी हं हं केलं. शेतं काळी होती, कडेकडेनं मळका बर्फ.

माझ्या दारात बॅग ठेवून तो म्हणाला, "चल आमच्याकडे जेवायला. कॅरलनं हॉटडिश केलंय, खाली खिमा, वर बटाट्याचे तुकडे लावून. तुला आवडतं तसं." कॅरल त्याची बायको.

"नको रे."

"अगं चल की. भलं मोठं भांडं भरून केलंय तिनं."

"नको, दमलेय."

"चार घास तरी?"

"नको, ड्वेन."

तो बघतच राहिला. तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर पुढे काय बोलायचं असतं, हे आमच्यात कुणालाच माहीत नाही. तशी वेळ येत नाही. बिचाऱ्यानं टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. "बरं तर मग," म्हणाला आणि पायरीवर जरा वेळ उभा राहिला. मी दार लावून घेतलं.

सोफ्यावर बसले ती तिथेच आडवी झाले. कोटासकट, बुटांसकट. रडू येईल म्हणून वाट पाहिली. नाही आलं. झोप आली.

जाग आली ती फोननं. चांगलं उजाडलं होतं. म्हणजे आल्कमारला दुपार.

"पोचलीस?" मार्लिस. आवाज अगदी तळातून येत होता.

"पोचले गं."

"हवा कशी आहे?"

"तळं अजून गोठलेलंच आहे."

"अजून? यंदा उशीर झाला."

"हो ना."

मग बराच वेळ नुसता तिचा श्वास. आमच्या दोघींच्या सत्तर वर्षांत मी तिला एक सरळ प्रश्न विचारला नव्हता. आता कसा काय तोंडातून निघाला, देव जाणे.

"मार्लिस, तू तिसऱ्यांदा का नाही गं विचारलंस?"

ती म्हणाली, "विचारणार होते. तोंड उघडलं होतं मी."

"पाहिलं मी."

"मग भीती वाटली. तिसरं उत्तर खरं असतं ना गं, व्हॉनी. तू खरंच नाही म्हणाली असतीस तर?" तिनं श्वास गोळा केला. "दोन नकारांवर माणूस तग धरू शकतं. हिला राहायचं होतं, आपणच विचारायला कमी पडलो, असं म्हणत. म्हणून थांबले."

माझे हात फोनवर होते आणि मला ते जाणवायला लागले. गार पडले होते आणि दुखत होते.

"मी परत येते," मी म्हटलं. "ड्वेनला आत्ता सांगते, संध्याकाळचं विमान..."

"नको," ती म्हणाली. हे नको आमचं नव्हतं. त्यांच्याकडचं होतं. "तू पोचेपर्यंत मी... आणि तुला दमायला होईल. ऐक. आता विचारते. राहतेस का?"

मी ग्लेनवूडमध्ये, माझ्या सोफ्यावर. ती समुद्रापलीकडे, खिडकीशी.

"राहते," मी म्हटलं.

"मग कोट काढ आधी. घालूनच बसली असशील. मला काय माहीत नाही होय तू!"

मी कोट काढला. एक बाही अडकली, फोन या हातातून त्या हातात घ्यावा लागला. खुंटीला लावला. बूट काढले.

"काढला?"

"काढला."

"वाउटर फोन उशीवर ठेवतोय. तू बंद करू नकोस. बोलायला पाहिजे असं नाही. तुझी कामं कर, भांडी वाजव, नळ सोड. मला ऐकू येऊ दे."

मी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा ठेवला. नळ सोडला. पातेलं उगाच जरा जोरात आपटलं. फोनमधून ती हसल्यासारखं काहीतरी झालं, की खोकली, कुणास ठाऊक. मग मी कॉफीचा डबा काढला. कोरड पडली होती घशाला, कालपासूनची.

"मार्लिस," मी म्हटलं, "कॉफी करतेय. घेतेस?"

मी मनात दुसऱ्यांदा कसं विचारायचं ते जुळवत होते.

"हो," ती म्हणाली.

मी दोन कप काढले.