वरच्या मजल्याला ओटा नव्हता

शहराच्या वाढीचा आराखडा बनत होता. त्यासाठी घरोघरी माहिती गोळा करायचं काम मला मिळालं, आणि वाट्याला आमचाच कुडवा भाग आला. एका हेक्टरात माणसं किती, घरं किती, वीस वर्षांनी आणखी किती लागतील, हे त्यातून काढायचं होतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी आदल्या रात्रीच नागपूरहून परतले होते. मोबाइलवरचा फॉर्म नीट चालतो का ते पाहायला पहिलं घर आमचंच घेतलं.

बाबा समोरच्या खोलीत पलंगावर होते. लकवा मारल्यापासून त्यांना जिना चढता येत नाही. जेवतातही तिथंच. ताट समोर आलं की रोज विचारतात, "लोकेंद्र जेवला का?" लोकेंद्र म्हणजे माझा मोठा भाऊ. आई "हव, जेवला" म्हणते, मगच ते घास घेतात.

"शालीकरामजी, घरात माणसं किती?" मी मुद्दाम अधिकाऱ्याच्या आवाजात विचारलं.

"पाच. त्यातली एक लय आगाऊ."

"चुली?"

"एक," आई घाईनं म्हणाली. ती बाबांच्या पायाला तेल लावत होती.

"एकच," बाबा म्हणाले. "वर ओटा बांधूच नाही देला मीनं मिस्त्रीले. मजले दोन, पण सयपाक एक. लिव."

मी एक लिहिलं आणि टेप घेऊन खोल्या मोजायला वर गेले. तिथं दुर्गेश्वरी वहिनी वरण फोडणीला टाकत होती. शेगडी टेबलावर होती, खाली सिलिंडर, भिंतीवर तेलाचे डाग.

"वहिनी, हे कधी?"

"दिवाळीपासून. आईनं सांगतलं नाही तुले?" तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "रोजची कटकट गेली, बरं झालं."

फॉर्मच्या सूचनेत स्पष्ट होतं: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. मला वाटलं, आईला प्रश्न कळला नसेल. खाली येऊन मी तिला समजावलं, "आई, छत एक असून चालत नाही. वर वेगळा गॅस आहे, म्हणजे कुटुंबं दोन. आपलं तिघांचं, त्यांचं दोघांचं."

आईचे हात थांबले. ती माझ्याकडे एकटक पाहत होती. तरी मी सांगतच राहिले, की माणसं तेवढीच आहेत म्हणून घनता बदलत नाही, पण घरांची गरज कुटुंबांवरून मोजतात. म्हणजे आपल्याकडे आता एक घर कमी पडतं.

"कधीपासून?" बाबांनी आईला विचारलं.

"तुमची तब्येत..."

"कधीपासून, शामकला?"

"दिवाळी."

बाबांनी वर छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन लिव, गुंजन. खोटं नको लिहू."

मी एक खोडून दोन केलं. आकडा आता बरोबर होता.

संध्याकाळी आईनं ताट समोर ठेवलं. बाबांनी काही विचारलं नाही. आई पदर मुठीत धरून तिथंच उभी राहिली. वर कुकरची शिट्टी झाली.

"जेवला लोकेंद्र," ती न विचारताच म्हणाली.

बाबांनी चांगल्या हातानं ताट थोडं लांब सारलं.