पोफळीवरची रेंज

आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड कुणाचे होत असतील तर त्या काळ्या डबीचे. राऊटर म्हणतात तिला. माझी सून नेत्रा लग्न होऊन बेंगळुरूहून आली, तेव्हा ही डबी बरोबर घेऊनच आली. आत सिम घालायचं, टॉवरची रेंज पकडायची आणि घरभर इंटरनेट वाटायचं, एवढंच तिचं काम. पण तेवढंही धड करेल तर शपथ!

टॉवर डोंगराच्या पलीकडे आहे. सिद्दापूरकडच्या आमच्या या खोऱ्यात पाऊस येतो, माकडं येतात, निवडणुकीच्या आधी उमेदवार येतात. रेंज तेवढी येत नाही. डबी आधी देवघराच्या फळीवर ठेवली, मग माळ्यावर, मग गोठ्याच्या कौलांवर. गोठ्यावर जरा बरी चालली, तर माकडानं खाली ढकलून दिली. नेत्राला घरून ऑफिसचं काम असतं, त्यामुळे डबीचा दिवा लाल झाला की सुनेचा चेहराही लाल. "मामंजी, रेंज गेली!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा "कुठं गेली?" असं विचारतो म्हणे.

शेवटी तिनं अंगणाच्या कडेची उंच पोफळ हेरली. आमच्या बागेत सुपारी उतरवायला आणि फवारणीला मारुती येतो, त्याला वर चढवला. शेंड्याखाली डबी बांधली, पावसासाठी तिच्यावर पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या रुंद देठाची, टोपी घातली आणि घरातून वायर ओढली. दिवा हिरवा झाला! तेव्हापासून आमचं अख्खं घर अंगणात उभं राहून माना वर करून बघायला शिकलं. मी मात्र म्हणायचो, मला काय करायचंय त्या डबीशी? मला कुणाला मेल पाठवायचेत?

पण महाबळच्या घशानं मलाही तिच्या दारात नेऊन बसवलं.

महाबळ भट म्हणजे माझा जन्माचा दोस्त आणि जन्माचा वैरी. आम्ही दोघं ताळमद्दळेतले, म्हणजे बसून करायच्या यक्षगानातले. तिथं ना वेष, ना रंग, ना नाच. समोरासमोर मांडी घालून बसायचं, भागवतानं, म्हणजे गाणाऱ्यानं, पद गायचं आणि मग ज्याला जे पात्र आलंय त्यानं त्याच्या तोंडून भांडायचं. लिहून आणलेलं काही चालत नाही. समोरच्यानं प्रश्न टाकला की तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. गप्प बसलात, तर भागवत टाळ वाजवून पुढचं पद उचलतो आणि तुम्ही निरुत्तर झालात असं सगळ्यांनी समजायचं. मग घरी जाऊन कितीही झकास उत्तर सुचू दे, त्याला कुणी विचारत नाही.

मी कधीच गप्प बसलो नाही. महाबळ माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचलेला, आवाज तर असा की मागच्या रांगेतली म्हातारी माणसंही पान चघळायची थांबायची. पण शेवटचा शब्द माझा. तो चिडून म्हणायचा, "तिम्मण्णा, तुला उत्तरं सुचतात हे खोटं आहे. तुझं तोंड मिटत नाही एवढंच!" मी म्हणायचो, "मग तू मिटवून दाखव." असं करता करता दोघांचेही केस पांढरे झाले.

या आषाढात त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन मंगळुरूला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, माणूस वाचेल, पण आवाज जाईल. ज्या दिवशी पहाटे त्याला न्यायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या सुब्राय भागवताचा फोन आला.

"तिम्मण्णा, महाबळला एकदा तुझ्याबरोबर बसायचंय. शेवटचं."

"निघालोच!" मी म्हटलं.

"निघतोस कुठं? तुमच्या ओढ्यावरचा पूल पाण्याखाली आहे ना? मी इथं महाबळजवळ टाळ घेऊन बसतो, तू तुझ्या घरी बस. मोबाईलवर करू. आपली सगळी मंडळी आपापल्या घरून बघतील. सुनेला विचार, तिला येतं सगळं."

झालं! म्हणजे माझी आणि महाबळची शेवटची गाठ त्या काळ्या डबीच्या हातात.

नेत्रानं मात्र कंबर कसली. ऑफिसात सुट्टी टाकली, ओटीवर बैठक घातली, मोबाईल पाटावर उभा केला. मला चार वेळा बजावलं, "मामंजी, हात हलवताना मोबाईलला धक्का लावू नका. आणि चष्मा घाला, म्हणजे स्क्रीनवरचं दिसेल."

"चष्मा घालून कधी राजा होतात का गं?" मी चष्मा काढून ठेवला.

प्रसंग होता राजानं झाडाआडून बाण मारून पाडलेल्या वीराचा. वीर महाबळ, राजा मी. पंधरा दिवसांनी उघडीप मिळाली होती. मारुती सकाळीच फवारणीचा पंप घेऊन हजर झाला. बोर्डोचं औषध वेळेवर मारलं नाही तर सुपारी कुजून गळते, तिला कुणाच्या ऑपरेशनचं काय? मी त्याला सांगितलं, "बाबा, आज सगळी बाग उरकून टाक. एकही पोफळ सोडू नको." आणि येऊन बसलो.

सुब्रायनं पद म्हटलं. पलीकडून महाबळ बोलायला लागला. आवाज फाटला होता, मधेच श्वास अडकत होता. पण काय बोलला! पडलेला वीर राजाला विचारत होता, "मी तुझं काय वाकडं केलं होतं? तुझ्या ताटातलं कधी काढून घेतलं? तुझ्याशी कधी खोटं बोललो? मारायचंच होतं तर मार, पण समोरून का आला नाहीस? एवढंच सांग, म्हणजे मी सुखानं डोळे मिटतो." उभ्या आयुष्यात त्यानं मला असा प्रश्न विचारला नव्हता.

मी मान खाली घातली, हात कपाळाला लावला, डोळे मिटले. एक क्षण तसाच राहिलो. आणि मग सुरू झालो.

"समोरून का आलो नाही, विचारतोस? अरे, समोर आलो असतो तर तुझ्या डोळ्यांत बघावं लागलं असतं. आणि तुझ्या डोळ्यांत बघून माझा हात उठला नसता! जगाला वाटलं मी तुला भ्यालो. मी माझ्या मायेला भ्यालो..." काय सांगू तुम्हाला! शब्द आपोआप येत होते. राजाचं बोलता बोलता मी माझंच बोलत होतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. किती वेळ बोललो मला ठाऊक नाही. कुणीतरी खांदा हलवला.

"मामंजी..."

"राजा बोलत असताना मधे बोलू नये!"

"राजा, रेंज गेलीये. केव्हाच."

चष्मा घातला. मोबाईलवर गोल गोल काहीतरी फिरत होतं. मी अंगणात धावलो आणि मान वर केली. डबीचा दिवा हिरवा नव्हता, लालही नव्हता. डबीच दिसत नव्हती. तिच्या जागी निळ्या प्लास्टिकचं घट्ट बांधलेलं गाठोडं होतं, आणि शेजारच्या पोफळीवर मारुती झोके घेत पंप मारत होता.

"मारुत्या! काय केलंस हे?"

"एकही सोडू नको म्हणालात ना अण्णा? बोर्डो लागून डबी खराब झाली असती. म्हणून वायर काढली आणि चांगली गुंडाळून ठेवली. काळजी करू नका!"

आता या माणसाला शिव्या तरी कोणत्या तोंडानं घालायच्या? मी त्या पोफळीला शिव्या घातल्या, डबीला घातल्या, टॉवरला, ओढ्याला, पुलाला घातल्या. नेत्रा म्हणाली, "मामंजी, रक्तदाब." मी रक्तदाबालाही घातल्या. माझ्या मित्रानं मला शेवटचा प्रश्न विचारला होता आणि माझं उत्तर ओटीवरच्या मांजरानं ऐकलं होतं!

मारुतीनं वायर लावली. दिवा हिरवा झाला आणि मोबाईल टणटण वाजायला लागला. नेत्रा वाचून दाखवायला लागली आणि तिचाच चेहरा विचित्र झाला.

"मामंजी, लोक म्हणतायत... 'काय ते मौन! राजाची मान खाली, हात कपाळावर. शब्द नाही, हालचाल नाही.' हे बघा, 'तिम्मण्णा हेगडेंचं आजवरचं सर्वात मोठं काम.'"

म्हणजे मी मान खाली घातली तिथंच चित्र गोठलं होतं. सुब्रायनं वाट बघितली, मग टाळ वाजवून शेवटचं पद घेतलं. आयुष्यभर बोललो त्याचं कुणी एवढं कौतुक केलं नाही आणि गप्प बसलो तर ही वाहवा. माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात त्याच मोबाईलवर, डबीच्याच रेंजवर, सुब्रायचा फोन.

"तिम्मण्णा, इथं चमत्कार झालाय. महाबळ रडला. म्हणाला, 'आज तिम्मण्णा निरुत्तर झाला.' चार दिवस पाणी गिळवत नव्हतं, आज वाटीभर पेज प्यायला. पण मघाशी कुणी शहाणा म्हणाला की तुमची रेंज गेली असेल. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलाय. घे, त्याला तुझ्याकडूनच ऐकायचंय."

फोनमध्ये आधी नुसता श्वास ऐकू आला. मग ती फाटकी कुजबुज.

"तिम्मण्णा, खरं सांग हं. रेंज गेली होती, की उत्तर नव्हतं?"

माझ्या जिभेवर अख्खं उत्तर तयार होतं. एकेक शब्द जागेवर. असं उत्तर मला पुन्हा या जन्मी सुचणार नव्हतं. आणि उद्या याला आवाज नसणार, म्हणजे वाद संपला. द्यायचं तर आत्ताच. नेत्रा माझ्याकडे बघत होती. मी गिळून टाकलं. तुम्हाला सांगतो, कडू काढासुद्धा इतका जड जात नाही.

"रेंज?" मी म्हटलं. "अरे, आमच्या पोफळीवर जशी रेंज येते तशी अख्ख्या तालुक्यात कुणाकडे येत नाही. दिवा एकदम हिरवागार होता. मलाच उत्तर सुचलं नाही, महाबळ. मी हरलो."

मी फोन कानाला घट्ट लावला.

"महाबळ? ऐकलंस का? हॅलो? हॅलो!"

नेत्रानं वर बघितलं. दिवा विझला होता. घरातला पंखाही थांबला होता. करंट गेला होता.

"आयला या डबीच्या!" मी ओरडलो. आयुष्यात एकदा हरलो म्हणालो आणि तेही पोचलं की नाही कळायला मार्ग नाही! करंट म्हणजे आमच्याकडे आज गेला तर उद्या येतो, आणि महाबळ पहाटे निघणार. मी छत्री उचलली. मोबाईल हातात होताच, तसाच घरामागच्या टेकडीवर निघालो. तिथं वर एक खडक आहे, नशिबात असलं तर त्याच्यावर रेंजची एखादी काडी मिळते.

"मामंजी, घसराल! थांबा, मी येते!"

पाऊस पुन्हा सुरू झाला होता. जळवा पायाला लागत होत्या. गुडघे बोंबलत होते. मी एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाईल धरून, त्या डबीला सात पिढ्यांच्या शिव्या घालत चढत होतो. मागून सून येत होती. खडकावर उभा राहिलो. काडी नाही. हात वर केला. नाही. नेत्रा म्हणाली, "जरा डावीकडे." डावीकडे झालो. एक काडी आली, गेली, पुन्हा आली. तिनं घाईघाईनं फोन लावून दिला. एकदा कट झाला. पुन्हा लावला. कुणीतरी उचलला.

"महाबळ!" मी त्या पावसात जीव खाऊन ओरडलो. खालच्या बागेतून मारुतीसुद्धा वर बघायला लागला. "मी हरलो! ऐकलंस का रे? रेंज होती! उत्तर नव्हतं! मी हरलो, हरलो, हरलो!"

थोडा वेळ नुसती खरखर. मग तो हसला असावा, कारण खोकला लागला. खोकला थांबल्यावर हळूच म्हणाला,

"मघाशीच ऐकू आलं होतं रे. पण अजून एकदा म्हण."