रहाटाला आलेले दिवस

इराण-इराकचं युद्ध पेटलं, डिझेल मिळेनासं झालं आणि वसईचे बागायतदार इंजिनं बंद ठेवून पुन्हा बैलांच्या रहाटाकडे वळले. रहाट जुळवणाऱ्या हरेश्वर सुताराला जेवायलाही फुरसत उरली नाही.

"देवा, लढाई दिवाळीपर्यंत तरी चालू दे रे!" देवळात हात जोडून तो म्हणाला होता. जावई इराकात बसऱ्याला कामाला आहे, हे तेव्हा त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आज कीर्तन आटोपल्यावर त्याची लेक द्वारका नारळ घेऊन पुढे आली. नवऱ्याचं महिनाभर पत्र नव्हतं.

"बाबा, लढाई थांबू दे म्हणून तुम्हीच गाऱ्हाणं घाला. देव तुमचं ऐकतो."

"ऐकलं गं त्यानं," हरेश्वर पुटपुटला. नारळ त्याने तिच्याच हातात परत ठेवला. "तूच माग, पोरी. माझं तोंड उघडत नाही."