काटा वजाकडे

माझी बायको केसर गेली त्याला तीन महिने झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. जेवतो, झोपतो, दिघीच्या बंदरावर जाऊन बसतो. आत काही हलत नाही. कुणी "कसा आहेस?" म्हणून विचारलं की मी "बरा" म्हणतो, आणि ते खोटंही नसतं.

माझी लॉरी घरामागे चिंचेखाली उभी होती. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेली, मागे लाकडी हौदा असलेली. तिच्यातून मी दिघीची मासळी बोर्ली पंचतनला आणि पुढे म्हसळ्याला नेत असे. नारळी पुनवेनंतर आठ दिवसांनी केसरच्या पोटात कळ उठली ती थांबेचना. दिवेलागणीला मी तिला शेजारी बसवून म्हसळ्याच्या डॉक्टरकडे निघालो. चढणीवर दिवे आधी पिवळे झाले, मग विझले आणि मग इंजिनच बंद पडलं. बॅटरीत जीव उरला नव्हता. हँडल मारून मारून माझे हात सोलले. बैलगाडी मिळून म्हसळ्याला पोचेस्तोवर डॉक्टरच्या हातात काही राहिलं नव्हतं.

तेराव्याला माझी सासू मनुबाई अख्ख्या कोळीवाड्यादेखत बोलली, "तू मारलीस माझी पोर. होडीची निगा राखतोस तशी गाडीची राखली असतीस, तर ती आज हिथं असती."

मी एरवी ऐकून घेणारा नव्हे. कुणी एक बोललं तर चार सुनावतो. त्या दिवशी जीभ उचललीच गेली नाही. कारण गाडी का बंद पडली ते मलाही ठाऊक नव्हतं. चूक माझी होती की नव्हती, एवढंच मला कळायला हवं होतं. माझी नसेल तर ते मनुबाईला तिच्या दारात जाऊन, चार माणसं गोळा करून सांगायचं, हे मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. तीन महिन्यांत मला काही करावंसं वाटलं असेल तर तेवढंच.

मार्गशीर्षात एका सकाळी उठलो आणि श्रीवर्धनहून बॅटरी चार्ज करून आणली. बसवली. पहिल्याच हँडलला इंजिन लागलं, दिवे लखलखीत पेटले. म्हणजे बॅटरी शाबूत होती. पण समोरच्या, वीज मोजणाऱ्या घड्याळातला काटा वजाकडे पडून होता. कितीही रेस केली तरी वजाकडेच. याचा अर्थ बॅटरीतून वीज जात होती, आत काही येत नव्हतं. खाणारे होते, कमावणारा झोपला होता.

तो काटा त्या संध्याकाळीही वजाकडेच असणार. मी पाहिला नाही. जुना काटा, कधी खरं सांगायचा, कधी खोटं, म्हणून त्याच्याकडे बघायची सवयच मोडली होती. आणि त्या संध्याकाळी मी केसरकडे बघत होतो.

आधी वायरी बदलल्या. खाऱ्या हवेनं त्या हिरव्या पडल्या होत्या. मग डायनामो आणि बॅटरी यांच्यामधला कटाऊट उघडून त्याची टोकं घासली. काटा जागचा हलला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं माझं दोन दिवस चाललं होतं. तिसऱ्या दिवशी डायनामोच्या दोन्ही वायरी काढल्या, त्याला सरळ दिव्याचा बल्ब जोडला आणि इंजिन फिरवलं. बल्ब मिणमिणलासुद्धा नाही. मग डायनामोच खोलून मांडीवर घेतला आणि मागची पत्र्याची पट्टी सरकवली.

आतून मुशीच्या तेलाचा वास आला.

मुशी माशाच्या काळजाचं ते तेल आम्ही होडीला चोपडतो, खाऱ्या पाण्यानं फळ्या खाऊ नयेत म्हणून. डायनामोत ते वाळून डिंकासारखं झालं होतं. वीज उचलणारे दोन्ही कार्बन त्यात चिकटून बसले होते आणि तांब्याला टेकतच नव्हते.

मला सगळं आठवलं. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी मी बाजारातून आलो तर हौद्याच्या फळ्या चकचकत होत्या. केसर हसत म्हणाली होती, "आयनं तुमच्या गाडीला पन तेल लावलं. बोलली, खारा वारा लोखंडाला आधी खातो. मशिनीला चांगलं दोन करवंट्या पाजलंय." मीही हसलो होतो. सासूनं माझ्या गाडीला होडीचा मान दिला, याचं मला बरं वाटलं होतं. बॉनेट उघडून बघायचं मात्र सुचलं नाही.

कार्बन पेट्रोलनं धुतले, तांबं काचपेपरनं घासलं. माझ्याजवळ आता उत्तर होतं. आनंद मात्र झाला नाही. रागही आला नाही, आणि याचंच मला नवल वाटलं.

तेवढ्यात मनुबाईच आली. त्या दिवशी किनाऱ्यावर होड्या ओढून तेल लावणं चाललं होतं. तिच्या हातात तेलाचं मडकं होतं, आणि अख्ख्या वाड्याला तोच वास होता.

"सापडलं काय?" तिनं विचारलं.

"सापडलं."

"काय झालं व्हतं?"

तीन महिने तयार ठेवलेलं वाक्य तोंडाशी आलं. तिच्या बोटांच्या चिरांमध्ये तेल मुरलेलं होतं. मी ती बोटं बघितली.

"आतले कार्बन अडकले होते, मामी," मी म्हणालो. "मी खोलून बघायला हवं होतं. नाही बघितलं."

"म्हंजे चूक तुजीच."

"व्हय."

तिनं हातातल्या मडक्यात डोकावून पाहिलं. मग मडकं पुढे करून म्हणाली, "उरलंय थोडं. लावू गाडीला? मागल्या बारीला मी न् केसरनं लावलं व्हतं. लई हसली व्हती ती."

मी मडकं तिच्या हातातून काढून घेतलं. "मी लावतो. तू घरी जा."

ती गेल्यावर मी ते सगळं तेल हौद्याच्या फळ्यांना लावलं. डायनामो बसवला, बॉनेट घट्ट लावून घेतलं. इंजिन सुरू केलं तसा काटा वजावरून उठून पलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी बंदरावर सगळ्यांना कळलेलं होतं की शिवदासनं चूक कबूल केली. दोघांनी मला पाहून तोंड फिरवलं. मी टोपल्या चढवत होतो, तेव्हा मनुबाई आली आणि केसरच्या मरणानंतर पहिल्यांदाच लॉरीत चढली. केसर बसायची तिथेच बसली. वाटभर मी काट्यावरून नजर काढली नाही.

बोर्लीला उतरताना टोपली डोक्यावर घेत ती म्हणाली, "आता तरी नीट बघत जा."

"व्हय मामी," मी म्हणालो.