जहाजावरील दोन जागा

मनुष्याच्या अंतःकरणात संशयाचे बी एकदा पडले, की त्यास ना खत लागते ना पाणी. ते आपसूक रुजते आणि ज्या जमिनीत रुजले तिलाच खाऊन मोठे होते. अमडापूरच्या गजेंद्रचा तर धंदाच बी-बियाण्यांचा होता. तेव्हा ही गोष्ट त्यास इतरांपेक्षा अधिक ठाऊक असावयास हवी होती. परंतु दिव्याखालीच अंधार असतो, तसे झाले.

गजेंद्र आणि त्याचा धाकटा चुलत भाऊ राजकुमार यांचे बाजारपेठेत भागीदारीतील कृषी केंद्र होते. दोघांची घरे भिंतीस भिंत लागून होती आणि गावात रामलक्ष्मणाची उपमा दोघांस मिळत असे. ज्या कंपनीचे बियाणे ते विकत, तिने हंगामाच्या आरंभीच जाहीर केले होते की, जे दुकान ठरलेला माल खपवील त्यास सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजावर चार दिवसांच्या सफरीच्या दोन जागा मिळतील. दिवाळीपूर्वीच माल खपला आणि दोन्ही जागा दोघा भावांच्या ठरल्या. पेनटाकळीच्या धरणाहून मोठे पाणी गजेंद्रने आयुष्यात पाहिले नव्हते. त्यामुळे त्याने ही वार्ता न्हाव्यापासून सरपंचापर्यंत सर्वांस सांगितली, आणि ज्यांना ती एकदा सांगितली होती त्यांनाही पुन्हा सांगितली.

पासपोर्टाची त्यास चिंता नव्हती. पूर्वी एकदा दुसऱ्या कंपनीने बँकॉकला नेण्याचे आमिष दाखविले होते, तेव्हा त्याने तो काढून ठेवला होता. ती सफर रद्द झाली आणि पासपोर्ट एकाही शिक्क्याविना दुकानाच्या तिजोरीत पडून राहिला.

संक्रांत सरली आणि कंपनीचा प्रतिनिधी शेखर दुकानात आला. गजेंद्रने मोठ्या ऐटीत तिजोरी उघडून पासपोर्ट त्याच्या हाती दिला. शेखरने पाने उलटली आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, हा तं जूनमध्ये संपून राह्यला."

"मंग? आपण फेब्रुवारीत जाऊन येतो ना बे. जूनले अजून लय वेळ हाये."

"तसं नसते. वापस यायच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक पाह्यजेत. नाही तं जहाजाच्या पायरीवरूनच घरी. अन् हे काय सांडलं इथी?"

फोटोच्या पानावर, नावाच्या शेजारी, बोटभर लांबीचा लाल डाग होता.

"महिना संपायच्या आत नव्या पासपोर्टाचा नंबर द्या," शेखर म्हणाला. "नाही जमलं तरी चिंता नाही. जागा दुकानाच्या नावानं हायेत, घरातलं दुसरं कोनी बी चालते."

वजनकाट्यापाशी उभा असलेला राजकुमार लगेच बोलला, "पाहू ना दादा. काही तरी मार्ग निघीन."

वास्तविक पाहता हे वाक्य निरुपद्रवी होते. परंतु ते फार लवकर आले, आणि गजेंद्रच्या मनात तेच रुतून बसले.

त्या दिवसापासून त्याची नजर बदलली. पूर्वी जे दिसत नव्हते ते दिसू लागले. राजकुमारची बायको राखी हिने दिवाळीनंतर गुपचूप पासपोर्ट काढला होता. ही बातमी त्यास चहाच्या टपरीवर कळली होती. विचारले तेव्हा राजकुमार म्हणाला होता, "असंच. असलेला बरा." जी बाई माहेरी चिखलीला जाण्यासही दहा वेळा विचार करते, तिला पासपोर्ट असाच कशास लागतो? शिवाय तो लाल डाग! दिवाळीच्या सुमारास हरभऱ्याच्या बियाण्यास औषध चोळण्याचे काम राजकुमारकडे असे आणि त्याचे हात आठ-आठ दिवस लाल राहत. तिजोरीच्या किल्ल्याही दोनच होत्या. एक गजेंद्रजवळ आणि दुसरी राजकुमारजवळ. हल्ली फोन आला की राजकुमार दुकानाबाहेर लिंबाखाली जाऊन बोले, आणि गजेंद्र दिसताच, "हाव, हाव, मंग सांगतो," म्हणून फोन ठेवी.

गजेंद्रने सर्व दुवे जुळविले. भाऊ आपणांस बाजूस सारून बायकोसह जहाजावर जाणार, याविषयी त्यास तिळमात्र शंका उरली नाही.

जेवताना त्याने हे सारे पत्नीपुढे मांडले. पुष्पांजली शांत स्वभावाची, कमी बोलणारी स्त्री होती. तिने ताटात आणखी झुणका वाढला.

"कायले त्या गरिबाले दोष देता?" ती म्हणाली.

"गरीब? तो गरीब नाही, मुका चोर हाये. डाग कोनी पाडला मंग?"

"मले काय मालूम. भाकर घ्या."

दुसऱ्याच दिवशी गजेंद्रने, कुलूप अडकते असा बहाणा करून, राजकुमारची किल्ली मागून घेतली. राजकुमारने ती निमूटपणे दिली. हेदेखील गजेंद्रला संशयास्पदच वाटले. दोन्ही किल्ल्या त्याने पुष्पांजलीच्या हाती ठेविल्या.

"जगात आता तुझ्यावरच भरवसा हाये. काही झालं तरी राजकुमारले देऊ नोको."

"नाही देत," असे म्हणून तिने किल्ल्या कमरेस खोचल्या.

जिल्ह्याच्या गावी पासपोर्टाच्या खिडकीवर बसलेल्या बाईंनीही तो डाग पाहिला.

"पासपोर्ट खराब झालाय. कसा झाला?"

"मी नाही केला, म्याडम. दुसऱ्यानं केला."

"कोणी?"

"तेच तं शोधून राह्यलो."

मागच्या रांगेतील लोक हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सांगितले की, डाग असल्याने आधी पोलीस चौकशी होईल आणि नंतरच नवा पासपोर्ट निघेल. महिन्याच्या आत येईलही, न येईलही. गजेंद्र एसटीत बसून परतला तो दात-ओठ खातच.

चौकशीसाठी ठाण्यातून निवृत्ती जमादार यावयाचे होते. अर्जदारास ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावे हवी होती. गजेंद्रने समोरच्या उकंडराव म्हाताऱ्याचे नाव दिले आणि गल्लीच्या टोकाच्या दीपक शिंप्याचे दिले. भिंतीस लागून असलेले राजकुमारचे घर मात्र त्याने वगळले.

जमादार आले त्या सकाळी उकंडराव काठी टेकीत ओसरीवर येऊन बसले. त्यांस ऐकू कमी येत असे, म्हणून जमादारांना प्रत्येक प्रश्न ओरडून विचारावा लागला. तो ओरडा ऐकून राजकुमार भिंतीपलीकडून बाहेर आला. साक्षीस कोणास बसविले आहे हे पाहताच त्याचा चेहरा पडला.

"दादा, भिंतीले भिंत लागून माह्यं घर, अन् साक्षीले उकंडराव? त्याहिले तं कालचं बी ध्यानात राह्यत नाही."

"ज्याच्यावर भरवसा त्याची साक्ष," गजेंद्र म्हणाला.

"मंग माह्यावर नाही?"

गजेंद्रने जमादारांपुढे कागद सरकविला. राजकुमार तेथेच खांबाला टेकून उभा राहिला. जन्मापासून सोबत वाढलेल्या भावाच्या डोळ्यांत पाणी तरळलेले गजेंद्रने पाहिले आणि त्यातही त्यास ढोंगच दिसले. संशयाची दृष्टी अशी असते.

जमादारांनी कागद आवरले, खाटेवर ऐसपैस बसले आणि आतल्या दाराकडे पाहून मोकळ्या आवाजात म्हणाले, "वहिनी, चहात अद्रक टाकजा बरं का. मागच्या खेपेले टाकलं होतं तसं."

गजेंद्रचे कान टवकारले. "मागच्या खेपेले? तुमी कवा आलते आमच्या घरी?"

"मार्गशीर्षात नाही का आलतो? वहिनीच्या पासपोर्टाच्या चौकशीले. तुमी अकोल्याले माल आणाले गेलते. याच खाटेवर बसलो होतो. त्याच्या आधी शेजारच्या राखीवहिनीची केली." जमादार हसले. "तुमची ही गल्ली मोठी विलायती झाली बा!"

ओसरीवर अशी शांतता पसरली की उकंडरावांनाही ती ऐकू आली. "कोन मेलं?" त्यांनी घाबरून विचारले.

कोणी मेले नव्हते. परंतु गजेंद्रची अवस्था त्याहून निराळी नव्हती. जमादार चहा पिऊन घाईने निघाले. उकंडरावांस घरी पोचविण्यात आले. गजेंद्र पत्नीकडे वळला.

"तुह्या नावाचा पासपोर्ट हाये?"

"हाव."

"अन् मले मालूम नाही!"

"तुमी कवा इचारलं?"

"मंग तो डाग..."

"कुंकू हाये ते," पुष्पांजली म्हणाली. "लक्ष्मीपूजनाले तिजोरीतल्या समद्यायले लावते. खतावणीच्या पहिल्या पानाले लावते तसं त्याच्या बी पहिल्या पानाले लावलं. तवाच तारीख दिसली. मंग दिवाळीनंतर राखीचा फॉर्म भरणाऱ्या पोरानं सहा महिन्याचं सांगतलं, तवा ध्यानात आलं."

"मंग तवाच काऊन नाही बोलली?"

"बोलली असती तं तुमी नवा करून आणला असता." तिने चहाचे कप गोळा केले. "मी काहीच केलं नाही. फक्त बोलली नाही."

गजेंद्रने राजकुमारकडे बोट रोखले. "अन् तू? तुले समदं ठाव होतं!"

राजकुमारने मान खाली घातली. "दादा, मले पाण्याचं भेव हाये. एसटीत खिडकी नसली तं मले ओकारी येते, हे तुले मालूम हाये. जहाजाच्या खोलीची खिडकी उघडतच नाही म्हणे. लाज वाटे तुले सांगाची. म्हणलं माही जागा राखीले देतो. लिंबाखाली फोनवर तिच्यासंगं तेच बोलत होतो."

"मंग राखी माह्यासंगं येणार होती का?"

दाराआड पदर हलला. राखी आली होती. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, की थेट त्याच्याशी बोलत नसे. तिने जाऊबाईस उद्देशून, परंतु सर्वांस ऐकू जाईल असे म्हटले, "बाई, त्याहिले सांगा, एका खोलीत दोघं राह्यतात म्हणे जहाजावर. भासऱ्यासंगं एका खोलीत मी कशी राहू?"

हिशेब उघड होता. राजकुमार जाणार नाही. राखी जाईल तर पुष्पांजलीसह. आणि पुष्पांजली जाईल तर गजेंद्र घरी. सारे कारस्थान खरेच होते. केवळ कारस्थानी माणूस ओळखण्यात त्याची चूक झाली होती. भिंतीपलीकडे पाळत ठेवताना, ज्या हातची भाकरी तो खात होता त्या हाताकडे त्याने पाहिलेच नव्हते.

"तुमचं पुस्तक इतके वर्सं तिजोरीत निजलं," पुष्पांजली म्हणाली. "हंगामात तुमी दोघं मालाच्या मागं फिरता तवा काउंटरवर मी अन् राखीच बसतो. आता माह्यं बी निजवाचं असन तं निजवा. किल्ल्या माह्यापाशीच हायेत, ठेवून देते."

तेवढ्यात शेखरचा फोन आला. "काका, आज नावं द्या. संध्याकाळी यादी बंद होऊन राह्यली."

फोन कानास लावून गजेंद्र उभा राहिला. चौकशी झालेली होती. नशिबाने साथ दिली तर पासपोर्ट वेळेत आलाही असता. थोडी मुदत मागून पाहावी आणि एकट्यानेच जावे, असे मनाने घेतले. तोच त्याची दृष्टी समोरच्या तिघांवर गेली. आपण चार दिवस समुद्रावर आणि ही तिघे चार दिवस दुकानात! घरात असताना ज्यांनी एवढे केले, ती आपण नसताना काय करणार नाहीत? ह्या विचाराने त्याचा समुद्राचा मोह ओसरला. आणि राजकुमारचे ओलसर डोळे आता त्यास ढोंगी वाटत नव्हते, हेही खरे.

"लिही," तो फोनमध्ये म्हणाला. "पुष्पांजली अन् राखी."

दोघीजणींना मलकापूरला रेल्वेत बसविण्यासाठी जीप केली होती. राजूर घाट लागला आणि दुसऱ्या वळणावरच राजकुमारने जीप थांबविण्याची खूण केली. गजेंद्र पाण्याची बाटली घेऊन खाली उतरला. भाऊ रस्त्याच्या कडेला वाकून बसला होता. गजेंद्रने एका हाताने त्याची पाठ चोळली आणि दुसऱ्या हाताने चुळीसाठी पाणी ओतले.

"आता पटलं का दादा?" राजकुमारने धापा टाकीत विचारले.

"पटलं बे. चूळ भर."

स्टेशनवर राखीने वाकून भासऱ्यास नमस्कार केला. पुष्पांजली खिडकीपाशी बसली आणि गाडी हलेपर्यंत पतीस दुधाचे, गॅसचे व मांजरीचे सांगत राहिली. तिच्या चेहऱ्यावर असे तेज गजेंद्रने फार दिवसांत पाहिले नव्हते. त्यास ते आवडले, आणि का कोण जाणे, थोडी धास्तीही वाटली.

दोन दिवस बंद ठेवलेले दुकान तिसऱ्या दिवशी उघडले, तोच टपालाने नवा पासपोर्ट आला. कोरा करकरीत आणि दहा वर्षांचा. गजेंद्रने तारीख दोनदा वाचून घेतली.

"तिजोरीत ठेवून दे दादा," राजकुमार म्हणाला.

गजेंद्र तिजोरीपर्यंत गेला, खिसा चाचपला आणि तेथेच थबकला. दोन्ही किल्ल्या पुष्पांजलीच्या कमरेस होत्या आणि पुष्पांजली त्या वेळी समुद्रावर होती. फोन लावला तर लागेना.

दोघे भाऊ बंद तिजोरीसमोर स्टुलावर बसले. बाहेर ग्राहक चहा संपवून बिलाची वाट पाहत होता आणि बिलबुक तिजोरीत होते.

"विसरून नेल्या असतीन," राजकुमार म्हणाला.

गजेंद्रने नवा पासपोर्ट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावले.

"विसरली," तो तिजोरीकडे पाहत म्हणाला, "का मुद्दाम नेल्या बे?"