भागिरथाकाकूचा डाव

शेलूबाजारच्या अलीकडं आमचं गाव. हिवाळ्यात दिवस बुडाला की विहारामागं शेकोटी पेटते आणि कोडी सुरू होतात. नियम असा, की उत्तर सांगा, नाहीतर हरलो म्हणून एक गाव देऊन टाका. गाव आपल्या मालकीचं असावं अशी अट नाही. मी रिसोड कितीदा तरी दिलंय, सोयाबीनच्या बाजारासकट. रिसोडला अजून कळलेलं नाही. आणि उत्तर किंवा गाव मिळेपर्यंत डाव कोडं घालणाऱ्याचाच.

गेल्या हिवाळ्यात शेवटच्या शेकोटीला भागिरथाकाकूनं नवऱ्याला, म्हणजे भिवाजीकाकांना, कोडं घातलं. "रातभर राखीत झोपते, पन जोगी नाही. सकाळी घर उठवते, पन माय नाही. सांगा जी, धम्मरत्नचे बाबा!"

"उद्या सांगतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हरभऱ्याची सोंगणी लागली. शेकोटी बंद. उन्हाळ्यात काकू गेली.

यंदा पहिल्याच संध्याकाळी मुन्ना नवं कोडं घालायला लागला, तर काकांनी हात वर केला. "थांब बे. डाव तुया काकूचा हाय."

उत्तर आमच्या पायापाशीच धगधगत होतं. तरी रोज एकेक जण गंभीर चेहऱ्यानं चुकायचा.

"ट्रॅक्टर," मी.

"चूक," काका म्हणायचे.

"सरपंच," मुन्ना.

"तो कोनाले उठवते बे? त्यालेच उठवा लागते."

"मंग हरलो म्हना ना भाऊजी," शेजारची ललिताबाई म्हणायची. "मानोरा देऊन टाका."

"कायले? मी इचार करून राह्यलो ना."

म्हैस झाली, एसटी झाली, इन्व्हर्टरही झाला.

मग पुण्याहून काकांचा पोरगा धम्मरत्न आला. नोकरी लागल्यापासून तो शेकोटीपाशी बसलाच नव्हता, पण रिकामं घर त्याला सोसेना. काकांनी त्याला कोडं घातलं, अगदी काकूच्या हेलात.

"निखारा, बाबा. माय रोज राखीत दाबून ठेवे ना."

"चूक," मी म्हणालो. मुन्नाही म्हणाला. ललिताबाई तर ओरडलीच.

काकांनी हात वर करून आम्हाला थांबवलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. जरा सरकून त्यांनी बाजूला जागा केली. "ये. आता डाव तुया. घाल कोडं."

धम्मरत्नला एकही कोडं येत नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला ढिगानं येतात. पण डाव त्याचा होता. काका विस्तवावर हात धरून वाट पाहत बसले.