देवीची चार बोटं आणि एक पापलेट

रोडपालीत काशिरामच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मिठागरावरचे गडी फावडी टाकून आले होते, बाया टोपल्या काखेत धरून कुडाला टेकल्या होत्या. मधोमध चटईवर काशिरामची धाकटी, सतरा वर्षांची मालू, आणि तिच्यासमोर दयाराम भगत. मालूच्या हातावर कोपराखाली चार तांबडे पट्टे उठले होते. एकाखाली एक, बोटाएवढे रुंद, बारीक फोडांनी भरलेले.

भगतानं तो हात सगळ्यांपुढं फिरवला. "मोजा रं. चार बोटं हायत का नाय? देवीनं धरलाय हात."

मग घोगऱ्या आवाजात त्यानं सूर लावला:

बाटलीचं पानी नसानसांत गेलं,
देवीचं बिऱ्हाड उघड्यावर आलं!

माणसांनी माना डोलावल्या. इतकी मोठी देवी, तिला मालूच्या काडीएवढ्या हातातच बिऱ्हाड का थाटावं लागलं, हे कुणी विचारलं नाही. भगतानं खोबरेल ओतलं, वर राख टाकली आणि पट्ट्यांच्या कडा चोळायला सुरुवात केली. बघता बघता त्याच्या अंगठ्याखाली काळ्या शेवया वळल्या. त्या त्यानं पानावर काढून ठेवल्या. "ही करणी. निघाली बघा."

अंगणभर हात जोडले गेले. दाराशी उभी असलेली मालूची थोरली बहीण भामा तेवढी हात न जोडता ओठ चावत राहिली. तिला वाटत होतं, ते पान उचलून भगताच्या तोंडावर मारावं. पण मारून बोलायचं काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि त्याचाच राग जास्त होता.

दोन महिने मालूचा ताप हटत नव्हता. पनवेलच्या डॉक्टर टिपणीसांनी सांगितलं, हिच्या हृदयाच्या झडपेवर जंतू बसलेत. पेनिसिलिन शिरेतून द्यायचं, रात्रंदिवस, सहा आठवडे, खंड पडता कामा नये. बाटली टांगली. शिरेतली सुई हलू नये म्हणून हातावर चार चिकटपट्ट्या लावल्या. दुसऱ्या आठवड्यात ताप उतरला आणि पट्ट्यांखाली खाज सुटली. अशी खाज, की मालू हात खाटेच्या कडेवर घासायची. तिनं डॉक्टरांना सांगितलं. दारात तीस रोगी उभे होते. डॉक्टरांनी मान वर न करता म्हटलं, "जीव वाचतोय, आणि खाज कसली सांगतेस? सोस." 

ज्या प्रश्नाला दवाखान्यात उत्तर मिळालं नाही, त्याला भगतानं बसल्या जागी दिलं. सोळाव्या दिवशी काशिरामनं ‘जबाबदारी माझी’ अशा कागदावर अंगठा उठवला आणि पोरीला बैलगाडीत घालून घरी, भगतापुढं आणलं.

तीन दिवसांत पट्टे फिकट झाले. भगताची कीर्ती बेलपाड्यापर्यंत गेली. चौथ्या दिवशी मालूला हुडहुडी भरली. भगत म्हणाला, देवी निघतेय, जाताना अंग हलवणारच. बुधवारी कोंबडं द्या. काशिराम हो म्हणाला.

मालू गोधडीत बोलली, "बाय, मिठाचं गानं म्हन ना." भामानं तिच्या केसांतून हात फिरवत म्हटलं:

मीठ गं पिकतं उन्हाच्या पायाशी,
बहीण गं नांदते बहिणीच्या मायेशी...

पुढची ओळ तिला म्हणता आली नाही. हाताखालचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. 

सोमवारी सकाळी ती बांधाबांधानं चालत पनवेलला गेली आणि सरळ डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिली. पट्टे कशानं उठले, एवढंच तिनं विचारलं.

"चिकटपट्टीनं," डॉक्टर म्हणाले. "तिचा चीक काहींच्या कातडीला सोसत नाही. औषधाचा त्यात संबंध नाही."

"मग हे तवाच का नाय सांगितलं? ती रडून सांगत व्हती. तुमी म्हनलात, सोस."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "पण तिला आण. या आठवड्यात आली नाही, तर माझ्या हाती काही उरणार नाही."

घरी बापाला सांगून पाहिलं. काशिराम म्हणाला, डॉक्टर दुसरं काय बोलनार? भामाला हे ठाऊकच होतं, म्हणून येताना तिनं नर्सबाईकडून चिकटपट्टीचं रीळ मागून आणलं होतं. चार पट्ट्या तिनं घरच्या तांब्याला लावल्या, एक स्वतःच्या दंडाला. मग रुंद तुकडा घेऊन कात्रीनं काहीतरी कापलं आणि मालूच्या पाठीवर, पोलक्याच्या आत चिकटवलं. शेजारी साध्या फडक्याची घडी सुती दोऱ्यानं बांधली.

बुधवारी भगत कोंबड्यासाठी आला. माणसं पुन्हा जमली. "मालूचा हात ह्या पट्टीनं उठला," म्हणत भामानं सगळ्यांदेखत दंडावरची पट्टी ओढून काढली. खाली कातडी जशीच्या तशी होती. तिनं दंड उलटसुलट करून पाहिला.

भगत खदाखदा हसला. "बघा. पट्टी तीच, मग हिला का नाय झालं? देवी कुनाला धरायचं ते जानते."

हसण्यात काशिरामही सामील झाला. भामाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तेवढ्यात तिची नजर गर्दीतल्या गुणाबाईच्या पायांवर गेली. मिठागरात खाऱ्या पाण्यापासून बचाव म्हणून पायांना चिंध्या बांधतात. गुणाबाईच्या घोट्यांवर चिंधीच्या मापाचे लाल चर होते.

"गुनाकाकी, आपन दोघी मिठाच्या एकाच कोंडीत उभ्या ऱ्हातो. चिंधी तीच, पानी तेच. तुजं पाय चरतात, माजं नाय. तिथं बी देवी हाय का?"

"देवी कसली गं," गुणाबाई म्हणाली. "माजी कातडीच तशी नाजूक."

कुणीतरी खुदकलं. भामानं मालूला उठवून बसवलं, बायांकडे तिची पाठ केली, फडकं सोडलं आणि चिकटवलेला तुकडा हळूच सोलला. फडक्याखाली काही नव्हतं. तुकड्याखाली मात्र लालबुंद, फोडांनी भरलेलं, शेपटी-पंखासकट एक पापलेट उठलं होतं.

बायांनी पदर तोंडाला लावले. गुणाबाईनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आगो बाय, देवीनं बोटं सोडून मासळी धरली."

"सुई नाय, बाटली नाय," भामा म्हणाली. "मी मासा कापला, मासा उठला. दवाखान्यात बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या व्हत्या, बोटं उठली." 

मग तिनं तांब्या पुढं ठेवला, पट्ट्या ओढल्या. मागं राहिलेल्या चिकावर खोबरेल ओतून राख चोळली. काळ्या शेवया वळल्या, अगदी तशाच. त्या तिनं पानावर ठेवून भगतापुढं सरकवल्या.

"तांब्यावर कुनी करनी केली, भगतानू?"

देवी थट्टाही करते, असं काहीसं भगत पुटपुटला, पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. काशिरामनं तो तांब्या उचलून अंगठ्यानं घासून पाहिला. मग गड्याला न सांगता स्वतःच उठून त्यानं बैल जुंपले. कोंबडं दयारामच्या पायांतून पळालं ते पळालंच.

बाटली पुन्हा लागली. सहा आठवडे पहिल्यापासून मोजावे लागले. आठवडाभराच्या चुकीची किंमत मालूनं अशी भरली. या वेळी हात लाकडाच्या फळीवर ठेवला, सुई मऊ कापडी पट्टीनं सैल बांधली, रोज पट्टीची जागा बदलली. पहिल्या दिवशीच नर्सबाईनं उरलासुरला चीक काढला, तोही खोबरेलानंच. भगताच्या तेलात गुण होताच, खोट होती ती बोलण्यात. आणि टिपणीस रोज सकाळी खाटेपाशी येऊन आधी विचारत, "खाजतंय का गं?" 

कातडीला सोसलं नाही तर ते डॉक्टरांना सांगावं, एकदा नाही, दहादा सांगावं. डॉक्टरांनी ते ऐकावं. आणि अंगावर कसलीही खूण उठली, तर देवाला हाक मारण्याआधी तिथं काय लावलं होतं, ते आठवून बघावं. एवढं करायला अक्षरओळखही लागत नाही. भामाला ती नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात मालूनं विचारलं, "बाय, माजा मासा गेला का?"

भामानं पाठ बघितली. "गेला. नुसती शेपटी ऱ्हायलीय."